सायकलवाले लक्ष्मणराव
(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)

बॉईज होस्टेलच्या सायकल स्टँडवर शेवटच्या खांबाला साखळीने बांधलेली, विनारंगाची, मडगार्ड नसलेली एक सायकल आहे. ती माझी. रोज कुणीतरी विचारतं, बाप्पा ही गाडी उभ्या उभ्या पायडल मागे का फिरवू देत नाही? मेसच्या रांगेत उत्तर देता देता जेवण थंड होतं, म्हणून यंदा वार्षिकांकात लिहूनच टाकतो. पण लेख सायकलीचा कमी आणि एका माणसाचा जास्त आहे. त्या माणसाचं नाव तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरी विहिरीवर कोरलेलं असेल, मोटरपंपाच्या अंगावर.

गाडी मला खामगावला भंगारात मिळाली. खरं म्हणजे गाडी नव्हतीच. फ्रेम, पुढचा चिमटा, एक पायडल आणि मागच्या चाकाचा हब. साडेसहाशे रुपये दिले आणि रूम पार्टनरच्या शिव्या खाल्ल्या. घेण्याचं कारण एवढंच की फ्रेम उचलली तर फार हलकी लागली आणि मागच्या चाकाची खाच खाली नव्हे, तर मागच्या बाजूला उघडी होती. ब्रेकचा रॉड किंवा वायर अडकवायला कुठेही सोय नाही. आमच्या फाट्यावरचे सायकल मिस्त्री चष्मा वर सरकवून बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले की ही शर्यतीची गाडी आहे, ट्रॅकवरची. हिला फ्रीव्हील नसतं. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार, पायडल थांबवाल तर चाक थांबणार. ती इंग्लंडहून कधी आली, कोणी पळवली, खामगावच्या भंगारात कशी पोचली, काही कळलं नाही.

पहिले दोन महिने रिमपायी गेले. हब होता ४० भोकांचा. जुन्या इंग्लिश पद्धतीत मागच्या चाकाला ४० तारा आणि पुढच्याला ३२ असत, आपल्या काळ्या दणकट सायकलींत तोच हिशोब चालत आला. पण त्या सायकलींची २८ इंची रिम या फ्रेममध्ये बसेना, आणि २७ इंची रिम मिळत होती ती ३६ भोकांची. शेवटी मलकापूरला एका जुन्या दुकानाच्या माळ्यावर धूळ खात पडलेली ४० भोकांची २७ इंची सापडली. मिस्त्रींनी तारा भरल्या, औट काढला, कप-कोनमध्ये नवे छर्रे घातले. उरला रंग.

रंगाच्या डब्यापाशी या लेखाची खरी सुरुवात आहे. मी चॉकलेटी रंग आणला, घासून-पुसून फ्रेमला पहिला हात मारला, आणि अख्खी विंग हसायला लागली. डबा हिरवा होता. मला तो चॉकलेटीच दिसत होता, अजूनही दिसतो.

हे मला नवीन नव्हतं, फक्त मी कोणाला सांगितलं नव्हतं. डिप्लोमा झाल्यावर मी इंजिन चालवण्याच्या पदासाठी एका भरतीची परीक्षा दिली होती. लेखी पास झालो. घरी पेढे वाटून झाले. मग वैद्यकीय तपासणीत ठिपक्यांचं पुस्तक समोर आलं. त्या ठिपक्यांत इतरांना आकडे दिसतात, मला नुसतेच ठिपके. नियम बरोबरच आहे, सिग्नल ओळखता आला नाही तर मागे बसलेल्या हजार माणसांचं काय? पण पेढे वाटून झाल्यावर गावात परत जाणं फार अवघड असतं. बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी त्या दिवशी गरज नसताना वखर धुतला. मग मी डायरेक्ट सेकंड इयरला इथे आलो, आणि विषय बंद.

हिरव्या फ्रेमची बातमी वर्कशॉपच्या सरांपर्यंत गेली. ते हसले नाहीत. त्यांनी एवढंच सांगितलं की लक्ष्मणराव किर्लोस्करांनाही रंग नीट दिसत नव्हते आणि त्यांचा पहिला धंदा सायकलींचा होता, जा लायब्ररीत. मी गेलो.

एक गोंधळ आधी मिटवतो. नाटकवाले किर्लोस्कर वेगळे. संगीत सौभद्र लिहिणारे अण्णासाहेब किर्लोस्कर आणि आपले कारखानदार लक्ष्मणराव, दोघांचाही जन्म बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा, म्हणून घोळ होतो. लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. मुलाचं लक्ष मात्र पाठांतरात नाही, चित्रं काढण्यात आणि वस्तू खोलून बघण्यात. घरच्यांना हे पटणारं नव्हतं. थोरले भाऊ रामचंद्र, म्हणजे रामूअण्णा, पाठीशी उभे राहिले आणि १८८५ साली हा सोळा वर्षांचा मुलगा मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. चित्रकार व्हायला.

दोन वर्षं गेली आणि लक्षात आलं की याला काही रंगांतला फरक कळत नाही. आमच्यासाठी निदान पुस्तक तरी आहे. ते ठिपके जपानचे डॉक्टर इशिहारा यांनी १९१७ मध्ये छापले. १८८७ च्या सुमाराला हे पुस्तक नव्हतं. विचार करा, घरच्यांशी भांडून, भावाच्या पैशावर, बेळगावहून मुंबईला चित्रकार व्हायला आलेल्या पोराला कळतं की त्याला रंगच दिसत नाहीत. हे वाचताना मी पुस्तक मिटून बाहेर जाऊन पाणी पिऊन आलो.

त्यांनी रंग सोडले, रेघ सोडली नाही. यांत्रिक रेखाचित्र म्हणजे आपलं ते एम.डी., ज्याच्या शीटा आपण ट्यूबलाइटवर काच ठेवून एकमेकांच्या उतरवतो, त्याला रंग लागत नाही. त्यात लक्ष्मणराव इतके तयार झाले की व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्याच विषयाचे साहाय्यक शिक्षक म्हणून लागले. हे आजचं व्ही.जे.टी.आय., १८८७ मध्ये सुरू झालेलं, तेव्हा भायखळ्याला होतं. शिकवायचं काम संपलं की ते तिथल्या वर्कशॉपमध्ये घुसायचे, यंत्रं हाताळायचे, सुटी करायचे, जोडायचे. त्यांनी अभियांत्रिकीची पदवी कधीच घेतली नाही. हे वाक्य मी मुद्दाम लिहिलेलं नाही, पण सबमिशनच्या आठवड्यात आठवतं.

आणि मग सायकल. मुंबईत एका पारशी गृहस्थाला सायकलवरून जाताना त्यांनी पाहिलं. दोन चाकं, वर माणूस, आणि पडत नाही! आपल्याला आज त्यात काय? पण तेव्हा ती वस्तू किती नवी होती बघा. दोन सारख्या चाकांची, मागच्या चाकाला चेनने गती देणारी रोव्हर सायकल इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्लीने १८८५ साली आणली. हवेच्या टायरचं पेटंट डनलॉपने घेतलं ते १८८८ मध्ये. म्हणजे आपल्याकडे पहिल्या-पहिल्यांदा आलेल्या सायकली भरीव रबराच्या टायरवर, खडीच्या रस्त्यावर, हाडं खिळखिळी करत चालत असणार. लक्ष्मणरावांनी एक सायकल मिळवली, शिकले आणि बेळगावला रामूअण्णांना धंदा सुचवला. १८८८ साली किर्लोस्कर ब्रदर्स या नावाने बेळगावात सायकलचं दुकान निघालं. धाकट्याने मुंबईहून माल धाडायचा, थोरल्याने तिथे विकायचा आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचं. शिकवणीचे १५ रुपये.

१५ रुपये ऐकून मी आधी हसलो होतो. त्या काळात ही केवढी रक्कम! पण माझी गाडी चालवून पाहिल्यावर फी वाजवी वाटायला लागली. कारण फ्रीव्हील ही गोष्ट सर्रास मिळू लागली ती १९०० च्या आसपास. त्याआधीच्या बहुतेक सायकली माझ्या ट्रॅकच्या गाडीसारख्या, चाकाला पायडल पक्कं बांधलेलं. उतारावर पायडल पायाखालून पळायला लागतात. म्हणून त्या काळच्या गाड्यांना पुढच्या चिमट्यावर पाय ठेवायला दोन खुंट्या असायच्या, उतार आला की पाय वर आणि देवाचं नाव! टांग मारून बसता येत नसे, मागच्या एक्सलपाशी एक खुंटी असे, तिच्यावर पाय देऊन मागून चढायचं. उतरतानाही चाक थांबेपर्यंत पाय फिरतेच. बेळगावातल्या वकील-डॉक्टर मंडळींना रामूअण्णांनी हे कसं शिकवलं असेल याचं चित्र मी बरेचदा डोळ्यांपुढे आणतो.

माझ्या स्वतःच्या शिकवणीची फी पाच टाके. झालं असं की असल्या गाडीला मागे एक साधा पक्का चक्का लागतो. तो मिळेना म्हणून मी १८ दातांचं साधं फ्रीव्हील वेल्डिंग करून जाम केलं आणि हबवर चढवलं. आटा तोच, १.३७ इंच, इंचाला २४ पेच, त्यामुळे छान बसलं. पुढे ४८ दात, मागे १८, म्हणजे पायडलच्या एका फेरीला गाडी जवळपास पावणेसहा मीटर जाते. गेटकडे वेगात आलो, थांबायला पायडल मागे दाबलं आणि जाम केलेलं फ्रीव्हील स्क्रूसारखं उलगडत हबवरून मोकळं झालं. ब्रेक नाही, पाय मोकळे, समोर बोगनवेल. बाकीचं सेक्युरिटीवाल्या काकांना विचारा.

हबवर त्या आट्याच्या बाहेर आणखी एक लहान आटा होता, तो मी निरुपयोगी समजलो होतो. मिस्त्रींनी दाखवलं की तो उलटा आहे, डावा. पुढे पायडल मारताना चक्का आवळत जातो, मागे दाबलं की सुटायला बघतो. त्याच्या बाहेर डाव्या आट्याची रिंग असेल तर सुटू पाहणारा चक्का रिंगला घासून तिला आणखी आवळतो. जेवढा जोर सुटण्याचा, तेवढीच ती घट्ट. शंभरेक वर्षांपूर्वी कोणी डोकेबाज माणसाने हे करून ठेवलं, आणि मी थिअरी ऑफ मशीन्सची बॅक घेऊन त्याला निरुपयोगी म्हणत होतो! ही रिंग बाजारात मिळाली नाही. १.२९ इंच, २४ पेच, डावा आटा, आमच्या वर्कशॉपच्या लेथवर सरांच्या देखरेखीखाली पाडली. तीन तुकडे वाया गेले, चौथा बसला. पुढच्या चाकाला नंतर एक ब्रेकही लावला, ट्रॅकवर नसतो पण खामगाव रस्त्यावर ट्रक असतात.

परत लक्ष्मणरावांकडे. मुंबईत नोकरी नीट चालली होती. मग बढतीची जागा निघाली. काम येणारा माणूस हाच, पण जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगावला भावाकडे निघून गेले. चरित्रांत हा प्रसंग चार ओळींत उरकतात, लगेच कारखाना उभा राहतो. मला वाटतं मधले दिवस इतके सोपे नसणार. तिशीकडे झुकलेला संसारी माणूस, हातातली पक्की नोकरी सोडून लहान गावात सायकलच्या दुकानात येऊन बसतो. शेजारीपाजारी काय म्हणाले असतील हे आपल्याकडच्या कुठल्याही गावात कळेल.

दुकानात दुरुस्ती आली, दुरुस्तीतून लहानसा कारखाना आला. पहिला माल म्हणजे हाताने चालवायचं कडबा कापायचं यंत्र. मग १९०३ च्या सुमाराला लोखंडी नांगर. आणि इथे गाडी अडली. दोन वर्षं नांगर कोणी घेईना! लोखंडाने जमिनीत विष भिनतं आणि ती नापीक होते, अशी शेतकऱ्यांची पक्की समजूत होती. आपण आज हसू, पण मी शेतकऱ्याच्या घरचा आहे, मला ती समजूत तितकी वेडगळ वाटत नाही. ज्याच्याकडे एकच जमीन आहे तो तिच्यावर प्रयोग करत नाही. लाकडी नांगर जमीन नुसती चिरतो. लोखंडी नांगर माती उचलून पालथी घालतो, खालची वर आणतो. हरळी आणि कुंदा माजलेल्या काळ्या रानात हेच हवं असतं, पण एकदा केलं तर ते परत मिटवता येत नाही. बाबांनी पहिल्यांदा तणनाशक मारलं तेव्हा तेही आधी एकाच कोपऱ्यात मारलं होतं.

नांगर खपू लागले तेव्हा दुसरी तक्रार आली, फाळ लवकर झिजतो. ही मात्र खरी होती. ओतीव लोखंड कुठे कठीण हवं, कुठे चिवट, हे ओतकामातच साधावं लागतं. ते त्यांनी पुस्तकांतून आणि भट्टीपुढे उभं राहून शिकून घेतलं. अमेरिकेतून शेती-यंत्रांची पुस्तकं-मासिकं मागवून वाचायची त्यांची सवय होती. झिजणारा भाग वेगळा, बदलता येणारा आणि दुकानात मिळणारा हवा, ही दृष्टी सायकलच्या धंद्यातून आली असावी असा माझा आपला अंदाज आहे. सायकल दुकानदाराइतकं सुट्या भागांचं महत्त्व कोणाला कळणार? माझ्या एका ४० भोकांच्या रिमला दोन महिने लागले.

आमच्या गोठ्यात आजोबांच्या वेळचा लोखंडी नांगर अजून आहे. ट्रॅक्टर आल्यापासून त्याच्यावर कोंबड्या बसतात. आजोबा त्याला नांगर म्हणतच नसत, सरळ किर्लोस्कर म्हणत. मी लहानपणी समजायचो की किर्लोस्कर म्हणजेच नांगर.

बेळगावात बरं चाललेलं असताना नगरपालिकेने जागा रिकामी करायला सांगितलं, तिथे गावाची वाढीव वस्ती व्हायची होती. भट्टी, यंत्रं, माणसं, सगळं घेऊन जायचं कुठे? औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. ते स्वतः चित्रकार. चित्रकार व्हायला निघालेल्या माणसाला चित्रकार राजाने हात दिला, हे मला फार आवडतं. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर माळरान दिलं आणि १० हजार रुपये कर्जाऊ दिले. १० मार्च १९१० हा किर्लोस्करवाडीचा पहिला दिवस मानतात. माळ म्हणजे निवडुंग आणि साप, पाणीही नाही. सोबत पंचवीसेक कामगार आणि त्यांची कुटुंबं.

माणसं कोण होती बघा. रामूअण्णा वस्तीची व्यवस्था बघत. शंभूराव जांभेकर कारखाना सांभाळत. मंगेशराव रेगे हिशेब लिहीत. अनंतराव फळणीकर हे शिक्षण अर्धवट सोडून आलेले. रात्रीच्या पहाऱ्याला शिक्षा भोगून आलेली माणसं ठेवली होती. वस्तीत शिवाशीव पाळायची नाही असा दंडक होता, तोही १९१० च्या दशकात. पदवीवाला जवळजवळ कोणी नाही. या सगळ्यांना कामावर कोणत्या मुलाखतीत घेतलं असेल? आपल्या टी अँड पी सेलच्या यादीत यातला एकही नाव बसलं नसतं.

पुढचं बहुतेकांना माहीत आहे, भराभर सांगतो. पहिल्या महायुद्धात विलायती नांगर यायचे थांबले, मागणी वाढली, पण लोखंड मिळेना. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पन्हाळ्यावरच्या जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर झाले. १९२० मध्ये कंपनी मर्यादित झाली. त्याच साली पुतणे शंकरराव यांनी किर्लोस्कर मासिक काढलं, ते आमच्या आजीच्या पिढीने वाचलं. मुलगा शंतनुराव अमेरिकेत एम.आय.टी.मध्ये यंत्र अभियांत्रिकी शिकून १९२६ मध्ये परतला. उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडायची यंत्रं, मग पंप, मग इंजिनं. जानेवारी १९४८ च्या अखेरीस गांधीजींची हत्या झाली आणि त्यानंतरच्या दंगलीत किर्लोस्करवाडीचा कारखाना जाळला गेला. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते. स्वतः उभं केलेलं त्या वयात राख झालेलं बघायचं! कारखाना पुन्हा उभा राहिला. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ ला गेले. जन्मशताब्दीला, १९६९ मध्ये, टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं. कुंडल रोड स्टेशनचं नाव आता किर्लोस्करवाडी आहे.

दिवाळीला घरी गेलो तेव्हा बाबांना हे सगळं सांगितलं. रंगाचं आधी सांगितलं, मग सायकलचं, मग नांगराचं. ते बराच वेळ गप्प होते. मग उठून गोठ्यात गेले आणि नांगरावरच्या कोंबड्या हाकलल्या. रात्री जेवताना त्यांनी विचारलं की तुझी ती गाडी खामगावपर्यंत जाते का. जाते म्हटलं. शेगाव-खामगाव रस्ता सपाट आहे, तिथे ती मस्त पळते. राजूर घाटात मात्र नेणार नाही, पायडल पायाखालून पळेल आणि चिमट्यावर खुंट्या नाहीत.

हिरवा हात मी घासून काढला. सध्या फ्रेमवर नुसतं प्रायमर आणि वर पारदर्शक वॉर्निश आहे, म्हणून गंज लागल्यासारखी दिसते असं लोक म्हणतात. मला ती चांगली दिसते.

एक विनंती. गाडीला अजून डावं पायडल जोडीचं नाही, सध्या साध्या सायकलचं लावलंय. कोणाच्या गावी माळ्यावर, गोठ्यात, जुन्या दुकानात लोखंडी पिंजऱ्याचं, अरुंद, इंग्लिश बनावटीचं डावं पायडल पडलेलं असेल तर होस्टेलवर येऊन सांगावं. आणताना बघून घ्या, डाव्या पायडलचा आटाही उलटाच असतो.